मोठा फोटो कुणाचा

यंदा चैत्रात बोरीकाठच्या एका गावाहून यात्रा समितीचे आबा दंगलीचा फ्लेक्स करून घ्यायला आले. अमळनेरला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. यात्रा, लग्नं, जयंत्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस सगळे एकदम येतात ते हे दोन महिने. आबांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढला आणि काउंटरवर तळहातानं सरळ केला. फडाची वेळ, इनामांची यादी, देणगीदारांची नावं, खाली ‘आपले नम्र समस्त गावकरी’ आणि मधोमध शेवटच्या कुस्तीची जोड. एक नाव चाळीसगावकडच्या बाविशीतल्या पोराचं. गेल्या हंगामात आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक फडांतली शेवटची कुस्ती त्यानंच मारलेली. दुसरं नाव आमच्या भागातल्या जुन्या पहिलवानाचं. चाळिशीला टेकलेला, डाव्या गुडघ्याला कायम पट्टा, आणि त्यानं शेवटची मोठी कुस्ती कधी मारली हे पटकन कुणाला सांगता येणार नाही. मी विचारलं, आबा, मोठा फोटो कुणाचा टाकू? आबांना विचार करावा लागला नाही. “त्याना मोठा टाक भो. पोऱ्याना धाकला ठेव. लोके त्यालेच देखाले येतस.”

फ्लेक्सचा खर्च गावातला एक कृषी केंद्रवाला करणार होता. त्याला फोन लावला तर त्याचंही तेच. त्याच्या दुकानाच्या नावाशेजारी पहिलवानच हवा, आणि फोटो जुना हवा, खांद्यावर गदा असलेला. तो फोटो माझ्याकडे होताच. पहिलवानाचे फ्लेक्स मी बऱ्याच वर्षांपासून छापतो आहे. संध्याकाळी मी त्याची मागची बाजू काढायला बसलो. हे काम फोटो चारशे टक्के मोठा करून करावं लागतं, कडेनं एकेक टिंब टाकत. केस, कपाळ, मग कान. पहिलवानाचा कान म्हणजे गोळा झालेलं मांस. आखाड्यात घासून घासून त्याच्या पाळ्या कधीच्या मिटलेल्या, त्यामुळे माऊस तिथे अडखळतो. त्या कानाभोवती टिंबं टाकताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. जिंकतोय तो पोरगा. मग फोटो मोठा याचा का? आणि आबा, दुकानदार, मी, आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं कसं वाटलं नाही?

हाच प्रश्न मला दुसऱ्या एका खेळानं पूर्वीच घातला होता. तो खेळ आमच्याकडे कुणी खेळत नाही.

गोल्फ मला लागला तो रात्रीच्या छपाईमुळे. सीझनमध्ये मशीन रात्रभर चालतं आणि ते चालू असताना झोपता येत नाही. रोल जरा तिरका ओढला गेला की अख्खी प्रिंट वाया. हेडचं एखादं छिद्र शाईनं अडलं की चेहऱ्यावरून पांढऱ्या रेघा जातात, त्याही नेमक्या साहेबांच्या कपाळावरून. शाईचा उग्र वास, वर गरगरणारा पंखा, अर्ध्या रात्रीही गरमच असलेली भिंत. अशा वेळी मोबाईल समोर टेकवून काहीतरी बघत बसायचं. एप्रिलमधल्या रात्री अमेरिकेत दुपार असते आणि तिथे ऑगस्टाच्या हिरव्यागार मैदानावर मास्टर्स स्पर्धा चालू असते. सुरुवातीला मी ती फक्त त्या हिरव्या रंगासाठी बघायचो. ज्या महिन्यात आमच्याकडे बांधावरचं गवतही करपून गेलेलं असतं, त्या महिन्यात ते बघणं डोळ्यांना बरं वाटायचं. मग हळूहळू माणसं ओळखीची झाली.

२०२५ ची १३ एप्रिलची रात्र कुठल्याच फ्लेक्सवाल्याला मोकळी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. निळ्या पार्श्वभूमीचे फ्लेक्स एकामागून एक उतरत होते आणि वेगवेगळ्या मंडळांची पोरं दुकानाबाहेर फ्लेक्स वाळायची वाट बघत बसली होती. एकजण आयलेट मारायला मदत करत होता. माझ्या मोबाईलवर रॉरी मॅकिलरॉय खेळत होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिप जिंकल्यापासून त्याला मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए या गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकही मिळाली नव्हती. मास्टर्स तर कधीच नाही. २०११ मध्ये याच मैदानावर शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन तो उतरला आणि ८० फटके मारून कोसळला. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. आदल्या वर्षी पाइनहर्स्टला यूएस ओपनमध्ये शेवटच्या काही होलांवर अगदी जवळचे पट, म्हणजे चेंडू होलात ढकलायचे हलके फटके, चुकले आणि स्पर्धा एका फटक्यानं गेली. आज पुन्हा दोनची आघाडी होती आणि पहिल्याच होलवर त्यानं ती घालवली. मंडळाचा एक पोरगा वाकून बघत म्हणाला, हा कोण? मी सांगितलं. मग तो म्हणाला, जिंकतो का नाही हा? आणि तिथेच उकिडवा बसला. तेराव्या होलला रॉरीनं सोपा चेंडू ओढ्यात घातला तेव्हा तो पोरगा माझ्याआधी कळवळला. अठराव्याला पाचेक फुटांचा पट चुकला. जस्टिन रोझशी बरोबरी, मग निकालासाठी जादा होलची लढत, प्लेऑफ. आमच्याकडे साडेचार वाजून गेले होते, चौकात कुणीतरी साउंड तपासत होतं, आणि रॉरी चेंडू होलात जाताच गुडघ्यांवर पडून हमसून हमसून रडत होता. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो सहावा माणूस झाला.

त्या पोराला गोल्फमधलं काहीही माहीत नव्हतं. तो अडीच तास बसून राहिला.

आता हिशेब बघा. २०१४ ते २०२५, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं, रॉरीनं इतर स्पर्धा जिंकल्या, पण ज्यांच्यावर माणसाचं नाव ठरतं त्या चारांतली एकही नाही. या काळात त्याच्या अंगावरचं नायकेचं चिन्ह गेलं नाही. लोकही गेले नाहीत. उलट, मला वाटतं, लोक वाढले. दर एप्रिलला तोच प्रश्न असायचा, आता तरी? हा प्रश्नच लोकांना टीव्हीपुढे खेचून आणत होता. जो दर आठवड्याला जिंकतो त्याच्याबद्दल हा प्रश्न पडत नाही. मी या गोष्टीवर खूप विचार केला आहे आणि माझं मत आता पक्कं आहे. लोक विजयाला टाळ्या वाजवतात, पण आयुष्यातली वर्षं देतात ती एखाद्याच्या विजयाची वाट बघण्याला. जाहिरात करणारा ती वर्षं विकत घेतो.

गोल्फला हे इतर खेळांपेक्षा जास्त लागू पडतं, कारण गोल्फमध्ये हरणं हीच रोजची गोष्ट आहे. एका स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. दोन दिवसांनी कट लागतो, निम्म्याहून अधिक माणसं घरी जातात, आणि टूरच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मालिकेच्या, नेहमीच्या स्पर्धांत कट चुकलेल्याला बक्षिसाचा एक पैसाही मिळत नाही. विमान, हॉटेल, बॅग उचलणारा कॅडी, सगळा खर्च पदरचा. उरलेल्यांतला एकच जण जिंकतो. जॅक निक्लॉसनं पीजीए टूरवर ७३ स्पर्धा जिंकल्या, टायगर वूड्सनं ८२, आणि हे आजवरचे सर्वांत थोर खेळाडू. तेसुद्धा जिंकण्यापेक्षा हरलेच कितीतरी जास्त वेळा. नुसत्या विजयावर लोकप्रियता उभी असती तर या खेळात कुणाचंच घर चाललं नसतं. शिवाय खेळाची चाल अशी की फटका मारायला लागतात दोन सेकंद आणि उरलेले चार तास माणूस चालत असतो, उभा असतो, गवताकडे बघत असतो. कॅमेरा त्याच्या तोंडावर. टोपीच्या पुढच्या भागावर एक नाव, छातीवर एक, बाहीवर एक, बॅगेवर एक. मी धंद्याच्या नजरेनं बघतो तेव्हा टोपीचा तो वीतभर भाग मला भर चौकातली जागा वाटते. आणि चौकातल्या जागेचं एक सत्य मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. मोटरसायकलवरून जाणारा माणूस फ्लेक्सकडे क्षणभरच बघतो. तेवढ्यात ओळखू येईल असा चेहराच कामाचा. चेहरा ओळखीचा व्हायला मात्र वर्षं लागतात, आणि जिंकणारा पोरगा दर वर्षी नवा असतो.

हे सगळं सर्वांत आधी ज्याच्या बाबतीत घडलं तो अर्नोल्ड पामर. १९६० मध्ये त्यानं मास्टर्स आणि यूएस ओपन दोन्ही जिंकल्या. त्याच सुमारास मार्क मॅकॉरमॅक नावाच्या वकिलानं त्याच्याशी हात मिळवला आणि खेळाडूंचं नाव विकणारी आयएमजी ही कंपनी उभी केली. पामरची सातवी आणि शेवटची मोठी स्पर्धा १९६४ ची मास्टर्स. टूरवरचा शेवटचा विजय १९७३ चा. त्यानंतर तो ४३ वर्षं जगला आणि त्या सगळ्या वर्षांत त्याचं नाव घड्याळांवर, तेलावर, कपड्यांवर, थंड चहा-लिंबाच्या पेयावरसुद्धा राहिलं. रोलेक्सशी त्याचं नातं १९६७ मध्ये जुळलं ते तो जाईपर्यंत टिकलं. टूरवर सगळ्या कारकिर्दीत त्यानं बक्षिसांतून मिळवलेली रक्कम वीस लाख डॉलरच्याही आतली. खरा पैसा बाहेरून आला आणि जिंकणं थांबल्यावरही येत राहिला.

पामरच्या गोष्टीतली मला सर्वांत जास्त टोचणारी जागा १९६६ ची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर यूएस ओपनचे शेवटचे नऊ होल उरले होते आणि पामर सात फटक्यांनी पुढे होता. स्पर्धा संपल्यातच जमा. पामर स्पर्धेतला कमीत कमी फटक्यांचा विक्रम मोडायच्या मागे लागला, धाडसी फटके मारत राहिला आणि ती सगळी आघाडी विरघळली. बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी अठरा होलांची लढत होऊन बिली कॅस्पर जिंकला. हा कॅस्पर काही साधा खेळाडू नव्हता. टूरवर ५१ विजय, तीन मोठ्या स्पर्धा. पण त्या दिवसाची आठवण काढणारे लोक पामर कसा हरला ते सांगतात. कॅस्परनं शेवटच्या नऊ होलांत किती नेटकं, किती शांत डोक्यानं गोल्फ खेळलं ते कमीच बोलतात. मला कॅस्परबद्दल वाईट वाटतं. त्यानं जे करायचं ते सगळं केलं. त्यानं जिंकूनही घेतलं.

तरीही मी स्वतः त्या दिवशी तिथे असतो तर पामरच्याच मागे चाललो असतो. लपवण्यात अर्थ नाही.

आबांनी मागितलेला फ्लेक्स तयार झाला तेव्हा पहिलवान स्वतः न्यायला आला होता. दुकानात शिरताना उंबऱ्यावर त्यानं आधी उजवा पाय ठेवला आणि डावा हातानं जरा उचलून मागे आणला. फ्लेक्स जमिनीवर पसरून बघितला. आपल्या दहा वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याकडे तो बराच वेळ बघत उभा होता. मग पोराच्या फोटोकडे. म्हणाला, पोरगा चांगला आहे, घिस्सा फार सुरेख मारतो, मला उचलणार. मी चहा सांगितला. बोलता बोलता व्यवहार कळला. पहिलवानाला येण्याची ठरावीक बिदागी असते, हरो वा जिंको. पोराला मात्र फक्त इनाम, तेही मारली तर. मी विचारलं, पहिलवान, मग कशाला पडायला जाता दर वेळी? तो रागावला नाही. “मी पडनू तरी लोके उठतस नहीत, भो,” एवढंच बोलला आणि बशीतला चहा संपवला. त्याच्या आवाजात अभिमान होता आणि थकवाही होता, आणि मला दोन्ही वेगळे करता येईनात.

येण्याची बिदागी गोल्फमध्येही आहे. युरोप आणि आशियातल्या स्पर्धा मोठ्या खेळाडूला नुसतं येण्याचे पैसे देत आल्या आहेत. अमेरिकेतल्या पीजीए टूरला हे चालत नाही. पण २०२१ मध्ये टूरनंच एक योजना आणली. टूरकडे सर्वांत जास्त लक्ष खेचणाऱ्या दहा खेळाडूंना चार कोटी डॉलर वाटायचे. इंटरनेटवर कुणाचं नाव किती शोधलं गेलं, बातम्यांत कोण किती आला, टीव्हीवर किती दिसला, लोकांना किती ओळखीचा आणि किती आवडता, हे मोजायचं. मैदानावरचे विजय मोजायचेच नाहीत. पहिल्या वर्षीचा पहिला क्रमांक आणि ऐंशी लाख डॉलर मिळाले टायगर वूड्सला. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला होता, उजव्या पायाची हाडं मोडली होती, आणि टूरची एकही अधिकृत स्पर्धा तो खेळला नव्हता. २०२२ मध्ये तो तीनच स्पर्धांत उतरला. मास्टर्समध्ये लंगडत चारही दिवस चालला, पीजीएमध्ये तिसऱ्या दिवसानंतर थांबला, सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्ये कट चुकला. त्या वर्षी मास्टर्ससह चार स्पर्धा स्कॉटी शेफलरनं जिंकल्या. पहिला क्रमांक पुन्हा टायगरचा, या वेळी दीड कोटी डॉलर.

हे वाचल्यावर माझा पहिला राग शेफलरच्या बाजूनं होता. पण सेंट अँड्र्यूजचा तो दुसरा दिवस मी पाहिला आहे. शेवटच्या होलवर त्या जुन्या दगडी पुलावरून टायगर टोपी काढून चालत आला आणि दोन्ही बाजूंची माणसं उभी राहिली. तो कित्येक फटके मागे होता, स्पर्धेतून बाहेर गेलेला होता, आणि रडत होता. त्या गर्दीला पैसे परत मिळाले असते तरी कुणी घेतले नसते.

टायगरच्याच आयुष्यात याची दुसरी बाजूही आहे, म्हणून तो या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये त्यानं टूरवर सहा स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या खासगी आयुष्यातल्या भानगडी बाहेर आल्या आणि ॲक्सेंचरसारख्या कंपन्यांनी पाठ फिरवली. सहा विजय ताजे होते, जगातला पहिला क्रमांक त्याचाच होता, तरी उपयोग झाला नाही. जिंकत असूनही नाव गेलं आणि जिंकत नसूनही राहिलं, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलं. नायके मात्र त्याच्यासोबत राहिली. १९९६ पासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत. आणि २००८ च्या यूएस ओपननंतर अकरा वर्षांनी, पाठीच्या शस्त्रक्रिया सोसून, त्यानं २०१९ ची मास्टर्स जिंकली, तेव्हा त्या कंपनीला सगळ्या वर्षांची भरपाई झाली असणार.

म्हणून ‘जिंकायची गरज नाही’ असं कुणी सरळ म्हणालं तर ते मला पटत नाही. रिकी फाउलरचं उदाहरण बघा. शेवटच्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी कपडे घालणारा, पोरांचा लाडका, जाहिरातींत कायम दिसणारा. मोठी स्पर्धा एकही नाही. पण २०१४ मध्ये चारही मोठ्या स्पर्धांत तो पहिल्या पाचांत होता. पुढच्या वर्षी नावं न सांगता खेळाडूंची मतं घेतली गेली, त्यात सर्वांत उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू म्हणून त्याचं नाव वर आलं, आणि त्याच आठवड्यात त्यानं प्लेयर्स चॅम्पियनशिप ही त्या चारांत न मोडणारी, पण मानाची स्पर्धा जिंकून दाखवली. जिंकणं कधीतरी हाताला लागेल, अगदी जवळ आहे, हे त्यानं पुन्हा पुन्हा दाखवलं म्हणून लोक थांबले. वाट बघायलाही काहीतरी तारण लागतं. २०१९ पासून २०२३ पर्यंत त्याला एकही विजय मिळाला नाही तेव्हा तो अनेक मोठ्या स्पर्धांना पात्रसुद्धा ठरत नव्हता, आणि मग टीव्हीवर कमी दिसू लागला. तारण संपत आलं होतं.

आमच्या पहिलवानाचंही तारण आहेच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे त्याचे फड ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. आणि जळगाव जिल्ह्याला मोठ्या विजयाची किंमत कळत नाही असंही नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीनं २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा अख्खं खान्देश नाचलं. नंतर ते पोलिसात उपअधीक्षक झाले. गदेनं त्यांना वर्दी दिली. पण महाराष्ट्र केसरीची गदा एकालाच मिळते. बाकीच्यांनी काय करायचं? गोल्फरला वय साथ देतं. फिल मिकेलसननं २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नासाव्या वर्षी जिंकली. पन्नाशीनंतरच्या खेळाडूंसाठी वेगळी टूरच आहे. गोल्फच्या काठ्या विकत घेणारा माणूसही बहुधा पिकल्या केसांचा आणि भरल्या खिशाचा, त्याला आपल्या वयाचा चेहरा जवळचा वाटतो. कुस्तीत चाळिशीला शरीर संपतं आणि लोकांची वाट बघणं मात्र संपत नाही. माझी अस्वस्थता नेमकी इथे आहे. टायगरला लोकांचं प्रेम घरी बसून ऐंशी लाख डॉलर मिळवून देतं. पहिलवानाला तेच प्रेम गुडघ्याला पट्टा बांधून मातीत उतरवतं. आबांचं चुकत नाही, कृषी केंद्रवाल्याचं चुकत नाही, डफडं वाजलं की उठून उभ्या राहणाऱ्या गावाचं तर अजिबात नाही. पण त्याला पाडून न घेताही बिदागी मिळावी, उद्घाटनाला फेटा बांधून बसवावं, हंगामभराचे पैसे द्यावेत आणि शेवटच्या कुस्तीला दोन जिंकणारी पोरं लावावीत, असं मी या वर्षी आबांना बोलून दाखवलं. ते ‘देखू’ म्हणाले.

आणि आपल्या देशातल्या गोल्फरचं काय, हा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. २०२१ च्या ऑगस्टची ७ तारीख. शनिवार. त्या सकाळी दुकान उघडल्यावर बघतो तर मोबाईलवर सगळ्यांचा एकच विषय, टोकियोत अदिती अशोक. बंगळुरूची मुलगी, जगात दोनशेवा क्रमांक, बॅग उचलायला सोबत आई, आणि तीन दिवसांनंतर ती दुसऱ्या क्रमांकावर होती. शेजारच्या मेडिकलवाल्यानं मला ‘बर्डी म्हणजे काय’ विचारलं. वादळानं खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि पदक एका फटक्यानं गेलं. चौथी. त्या दोन-तीन तासांत अमळनेरच्या बाजारात जेवढे लोक गोल्फबद्दल बोलले तेवढे आधी कधी बोलले नव्हते. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि रात्री मी सुवर्णपदकाचे फ्लेक्स छापत होतो. अदितीचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हतं.

त्याचं मला तेव्हा विशेष वाटलं नाही, सुवर्ण ते सुवर्णच. वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. २०२३ मध्ये अदितीनं लेडीज युरोपियन टूरवर केनियातली स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी स्पेनमधली. मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत शेवटच्या दिवसाआधी ती सात फटक्यांनी पुढे होती, त्या दिवशी ७७ मारले आणि रौप्यावर आली. १९६६ च्या पामरइतकीच आघाडी होती ती. केनिया आणि स्पेन कुणाला कळलंही नाही. म्हणजे जिचं चौथं येणं शेजारच्या मेडिकलपर्यंत पोहोचलं, तिचं जिंकणं जिल्ह्याच्या पेपरातही धड आलं नाही. अमेरिकेत पामरच्या मागे मॅकॉरमॅक होता. लोकांच्या मनात एकदा लागलेली ओढ वर्षानुवर्षं जपायची कशी, ती पुढच्या स्पर्धेपर्यंत न्यायची कशी, हे त्याला कळत होतं. आपल्याकडे त्या शनिवारी एवढी मोठी ओढ तयार झाली आणि ती जपायला कुणी पुढे आलं नाही. तिला पुढे नेणारा, ती परत कधी खेळणार हे लोकांना सांगत राहणारा कुणीतरी हवा होता. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकला ती तीस वर्षांची असेल, आणि गोल्फमध्ये तिशी म्हणजे उमेदीचं वय. मी तिच्या स्पर्धा शोधून शोधून बघतो, मेडिकलवाल्यालाही सांगतो. ती हरली तरी मी बघणारच आहे, पण जीव लावून बघतो आहे ते ती जिंकावी म्हणूनच.